उसना धसका

आंब्रेमामा भित्रे आहेत, हे कंपनीत गेटवरच्या वॉचमनपासून मोठ्या साहेबांपर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं, आणि त्याबद्दल त्यांना कोणी हसत नसे. कोकणातल्या एका खाडीकाठचा तो रासायनिक कारखाना. पाणी शुद्ध करायची पावडर तिथे बनायची आणि तिला क्लोरीन लागायचा. क्लोरीनच्या लाइनवरचा कुठलाही व्हॉल्व्ह उघडायच्या आधी हा माणूस उजव्या पंजाची मागची बाजू पाइपला टेकवायचा, व्हॉल्व्हचा नंबर मोठ्याने वाचायचा, आणि मान वर करून छपरावरची वारा दाखवणारी कापडी नळी कुठे तोंड करून आहे ते बघायचा. मग कुठे चाकाला हात. दिवसातून पन्नासदा उघडायचा असेल तर पन्नासदा हेच. कोणी घाई केली तर म्हणायचे, "तुला घाई आहे ना, मग तू हो पुढे. मला संध्याकाळी घरी जायचंय."

त्यामागे कारण होतं. बावीस वर्षांपूर्वी याच लाइनवर गॅस सुटला होता. तेव्हा सुधाकर आंब्रे पस्तिशीत होते आणि त्यांच्यासोबत पाळीवर होता अनंत पड्याळ, शाळेपासूनचा दोस्त. मामा वाचले, अनंत गेला. चौकशीत लिहिलं गेलं की गॅस सुटला तेव्हा आंब्रे शेडच्या दुसऱ्या टोकाला होते, म्हणून बचावले. तेव्हापासून दर वर्षी अकरा ऑगस्टला, अनंत गेला त्या तारखेला, मामा खाडीपलीकडे अनंतच्या घरी जात. त्याच्या बायकोशी, मनीषावहिनींशी, चार शब्द बोलत, चहा घेत आणि घरातलं काहीतरी दुरुस्त करून परत येत. एका वर्षी दुरुस्त करण्यासारखं काही सापडेचना, तर चांगली धडधाकट दाराची कडी काढून तीच परत बसवून आले.

त्यांची एकुलती मुलगी रसिका. तिची आई ती चार वर्षांची असताना आजारपणात गेली, त्यामुळे ती वाढली ती बाबांच्या धाकधुकीतच. झोपण्याआधी गॅसचं बटण तीनदा बघायचं. पोहायला जायचं नाही. दहावीत शाळेला जातानासुद्धा रस्ता ओलांडताना बाबांनी तिचं बोट धरलं होतं, आणि वर्गातल्या पोरींनी वर्षभर तिला त्यावरून पिडलं होतं. मोठेपणी तिने कामही निवडलं ते हेच. त्याच कारखान्यात ती कामगारांच्या सुरक्षा-प्रशिक्षणाची अधिकारी झाली.

तिने आल्या आल्या एक चाल सुरू केली होती. दर शनिवारी पाळी सुटायच्या आधी अर्धा तास सगळे कॅन्टीनमध्ये बसत आणि ज्याच्या काळजात त्या आठवड्यात धस्स झालं असेल, त्याने ते सांगायचं. त्यावरून कोणाला ओरडा नाही, कोणाला मेमो नाही. जो सांगेल त्याला कांदाभजीची पहिली प्लेट. रसिका ते एका जाड रजिस्टरमध्ये लिहून घेई. सगळे त्याला धसकावही म्हणत. कोणी सांगे, तिसऱ्या शिडीची पायरी हलते. कोणी सांगे, बायको रुसून माहेरी गेलीय, दोन दिवस माझं डोकं ठिकाणावर नव्हतं, माझ्या हातातलं काम कुणीतरी पुन्हा बघून घ्या. अक्षता घाग नावाची एक फिटर होती, डावखुरी, जिभेने फटकळ. तिने एकदा सांगितलं होतं की खंडेनवमीला पूजेच्या आधी आपण यंत्रं घासूनपुसून चकचकीत करतो आणि मग चाकांना झेंडूचे हार घालतो. गेल्या वर्षी एका हाराखाली 'उघडू नये'ची लाल पाटी पार झाकून गेली होती. त्या दिवसापासून हार चाकाला न घालता खाली पाइपला बांधायचे, असं ठरलं. हे कुठल्या नियमपुस्तकात नव्हतं. धसकावहीत होतं आणि लोकांच्या डोक्यात होतं.

मग टोपी आली.

तिचं कागदोपत्री नाव 'सुरक्षा-संस्कार यंत्र', पण कामगार तिला टोपीच म्हणत. प्लॅस्टिकचा हलका पट्टा, आतून बारीक बारीक टोकं, आणि त्याला जोडलेली जेवणाच्या डब्याएवढी पेटी. प्लांटचे प्रमुख देवस्थळी साहेब कुठल्याशा परिषदेत ती बघून आले आणि हरखून गेले. रसिकाला बोलावून म्हणाले, दोनशे चौदा माणसं दर शनिवारी अर्धा तास भजी खात बसतात. हे यंत्र अकरा मिनिटांत माणसाला जन्माचं सावध करतं.

यंत्रामागचं शास्त्र असं. भीती आपल्या मेंदूत चित्रासारखी साठवलेली नसते. काय घडलं, कुठे घडलं, याची नोंद एकीकडे असते, आणि छातीत धडधड, हाताला घाम, पायाला ओढ, हे शरीराने शिकलेलं वेगळीकडे, मेंदूच्या तळाशी असलेल्या बदामाएवढ्या गाठीत. भाजलेलं पोर मोठेपणी तो दिवस विसरतं, पण तव्याजवळ हात नेताना चपापतं, ते या गाठीमुळे. टोपी आठवणीच्या वाटेला जात नाही. ती फक्त त्या गाठीतल्या हालचालींचा साचा टिपते आणि दुसऱ्याच्या डोक्याला टोपी लावून, कारखान्यातले आवाज ऐकवत, तोच साचा त्याच्या गाठीत उमटवते. म्हणजे अपघात एकाने भोगायचा आणि धडकी दोनशे जणांना भरायची.

साचा टिपायचा तर मूळ माणसाने तो प्रसंग पुन्हा मनात जागवावा लागतो. जागवलेली आठवण काही तास मऊ असते, गरम केलेल्या गुळासारखी, आणि मग पुन्हा घट्ट होते. मऊ असते तेवढ्यातच यंत्र तिला जोडलेल्या धडकीचा साचा टिपतं. उसनी घेतलेली भीती चार-पाच महिन्यांत विरते, म्हणून पुन्हा पुन्हा ताजा साचा लागतो. ज्याचा साचा घेतला त्याला काही होतं का, या प्रश्नाला माहितीपत्रकाच्या चौदाव्या पानावर एक ओळ होती: मूळ व्यक्तीवरील परिणाम नगण्य.

आता असा खणखणीत धसका भरलेला माणूस कुठून आणायचा? देवस्थळी साहेबांना शोधावं लागलंच नाही. त्यांनी फक्त रसिकाकडे बघितलं.

बाबांना विचारायला तिची जीभ रेटेना. दोन दिवस तिने तो विषय गिळला. तिसऱ्या दिवशी जेवताना एकदाचं सांगितलं. बाबा बराच वेळ भात कालवत राहिले. मग त्यांनी एकच विचारलं, की त्यात त्या दिवसाचं काही दिसतं का लोकांना. तिने सांगितलं, नाही बाबा, काहीच दिसत नाही, नुसती धडकी जाते. "मग घे," ते म्हणाले. "कोणाला तरी उपयोग होऊ दे तिचा."

पहिल्या दिवशी टोपी घालून बाबा वीस मिनिटं डोळे मिटून बसले. घामाने शर्ट पाठीला चिकटला. दोन्ही टाचा जमिनीवर एकसारख्या आपटत होत्या. रसिकाला ते बघवेना, पण पेटीवरचा आलेख मात्र असा उंच चढत गेला की यंत्र बसवायला आलेला माणूस खूश झाला. त्या साच्याची टोपी पहिली रसिकानेच घातली. दुसऱ्याच्या डोक्यात जे भरायचं ते आधी आपल्या डोक्यात, एवढी तिची नीती होती. संध्याकाळी ती क्लोरीन शेडवरून चालली होती, कुठेशी वाफेची बारीक शीळ आली, आणि तिच्या पोटात असा गोळा आला की भिंतीला धरून उभं राहावं लागलं. आपला बाप बावीस वर्षं हे घेऊन रोज कामावर येतोय, हे तिला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. तिला रडू आलं.

सहा महिन्यांत कंपनीचा नूरच पालटला. बिनमास्कचा माणूस दिसेना, बारीकसारीक अपघातसुद्धा थांबले. दिल्लीहून, पुण्याहून लोक बघायला येऊ लागले आणि रसिकाची बढती झाली. बघायला येणाऱ्यांना सगळ्यात नवल वाटायचं ते एका गोष्टीचं. दोनशे चौदा माणसं, पण व्हॉल्व्हला हात घालायच्या आधी प्रत्येक जण उजव्या पंजाची मागची बाजू पाइपला टेकवायचा. कोणी शिकवलं नव्हतं. डावखुरी अक्षतासुद्धा पाना डाव्या हातात धरायची आणि पाइपला उजवाच पंजा लावायची. रसिकाने हसत तिला विचारलं, तर ती म्हणाली, "माझा नाही गं तो हात, तुझ्या बाबांचा आहे." रसिकाला ते तेव्हा गमतीचं वाटलं.

शनिवारची बैठक बंद झाली. कोणी बंद करा म्हणालं नाही, पण लोकांना सांगण्यासारखं काही उरेना. सगळ्यांना भीती एकाच गोष्टीची, आणि तीही सगळ्यांना सारखीच. मग सांगायचं काय आणि कोणाला? शिडीची पायरी हलली तरी कोणाच्या पोटात काही हलत नव्हतं, कारण आंब्रेमामांच्या धसक्यात शिडी नव्हती. धसकावही रसिकाच्या कपाटात गेली. तिच्या मनाला ते टोचलं, नाही असं नाही. पण अपघात शून्यावर आले होते, आणि शून्याशी वाद कोण घालणार.

बाबांच्या बैठका मात्र दर आठवड्याला चालू होत्या. नव्या तुकडीला नवा साचा, जुन्या तुकडीला, रसिकालाही, पुन्हा ताजा साचा. आणि बाबा बदलत होते.

आधी आधी रसिकाला त्याचा आनंदच झाला. बाबांना गाढ झोप लागू लागली. सकाळी दाढी करताना ते गुणगुणू लागले. शेजारच्या पोरांना घेऊन खाडीवर गेले आणि चक्क पाण्यात उतरले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी तिला विचारलं, तुला मोटरसायकल शिकायची का. तिला वाटलं, चला, या निमित्ताने माणूस बरा झाला, एवढी वर्षं उरावर घेतलेलं ओझं उतरलं. नंतर एका सकाळी ती उठली तर घरभर गॅसचा वास. चहा उतू जाऊन शेगडी विझली होती आणि बाबा शेजारी बसून निवांत पेपर वाचत होते. तिने धावत जाऊन बटण बंद केलं, खिडक्या उघडल्या. बाबा म्हणाले, "अगं हो, वास येत होता खरा." एवढंच म्हणाले आणि पान उलटलं.

ऑगस्टच्या मध्यावर मनीषाकाकी घरी आल्या. बाबा कामावर होते. काकी खाडी ओलांडून, दोन बस बदलून आल्या होत्या, आणि आल्या त्या भाऊजींची तब्येत विचारायला. अकराला ते आले नाहीत, म्हणाल्या. बावीस वर्षांत पहिल्यांदा. माझी काही तक्रार नाही गं, पण दुपारपासून मी ओट्यावर बसून होते, जिवाला घोर लागला. रसिकाने संध्याकाळी बाबांना सांगितलं. त्यांनी कॅलेंडरकडे बघितलं. "अरेच्चा, राहिलंच की," ते म्हणाले आणि ताटावर बसले. चार घास जास्तच जेवले.

त्या रात्री रसिकाला कशाची भीती वाटली, ते तिला नीट सांगता आलं नसतं, पण ती बाबांची उसनी भीती नव्हती, तिची स्वतःची होती. सकाळी ऑफिसात जाऊन तिने पहिल्या बैठकीपासूनचे एकतीस आलेख ओळीने लावले. पहिला ताडासारखा उंच. प्रत्येक पुढचा मागच्यापेक्षा थोडा ठेंगणा. एकतिसावा जवळपास सपाट. यंत्र तो कमकुवत साचा आपोआप वाढवून पुढे पाठवत होतं, म्हणून कोणाच्या लक्षात आलं नव्हतं. गोष्ट उघड होती. मऊ झालेली आठवण पुन्हा घट्ट व्हायला वेळ लागतो, आणि ते होऊ न देता दर आठवड्याला तिच्यावर हात घातला की ती दर खेपेस थोडी कमीच परत बसते. चौदाव्या पानावरचं 'नगण्य' एका बैठकीपुरतं खरं होतं. एकतीस बैठकांचं कोणी मोजलं नव्हतं. त्या भीतीला चिकटून जे जे होतं, काळजी, हळवेपण, अनंतचं दुःख, ते सगळं तिच्याबरोबर खरवडून निघालं होतं. आणि खरवडणारी होती पोटची पोर.

ती आलेख घेऊन देवस्थळी साहेबांकडे गेली. साहेब काही दुष्ट माणूस नव्हते. त्यांनी सगळं शांतपणे ऐकलं, बैठका तिथल्या तिथे थांबवल्या. पण मामांना लाइनवरून काढा म्हटल्यावर ते अडखळले. दिवाळीनंतर ते निवृत्त होतायत, म्हणाले. आता त्यांना अपात्र ठरवलं तर कारण लिहावं लागेल. कारण लिहिलं की चौकशी, चौकशी आली की यंत्र बंद, आणि तू आणि मी दोघंही घरी. दोन महिन्यांचा तर प्रश्न आहे, तू लक्ष ठेव. असं म्हणून त्यांनी मामांचा सहामाही पात्रतेचा फॉर्म तिच्यापुढे सरकवला. 'कामास योग्य' या शब्दांखाली प्रशिक्षण अधिकाऱ्याची सही लागत होती. निवृत्तीच्या तोंडावर बाबांना डाग लागायला नको, असं रसिकाने मनाला समजावलं. बढतीचा विचार तिच्या मनात आला नाही असं म्हणणं खोटं ठरेल. तिने सही केली.

पुढचे दोन महिने ती बाबांच्या मागे मागे सावलीसारखी होती. पण माणूस किती पुरणार.

खंडेनवमीच्या आदल्या दिवशी नेहमीप्रमाणे यंत्रांची अंघोळ झाली. सात नंबरचा व्हॉल्व्ह तेव्हा दुरुस्तीसाठी बंद होता. त्याच्या पुढचा पाइपचा तुकडा काढून ठेवलेला, पाइपचं तोंड उघडं, आणि चाकाला कुलूप आणि लाल पाटी. चाक घासायला कुलूप मध्ये येतं म्हणून कोणीतरी ते काढलं, चाक लखलखीत केलं आणि कुलूप परत लावायचं विसरलं. पाटी तेवढी राहिली. दुसऱ्या दिवशी सकाळी हार आले. हार खाली पाइपला बांधायचे, हे सांगणारी वही रसिकाच्या कपाटात होती आणि हार घालणारे वर्षभरात लागलेले नवे लोक होते. त्यांनी झेंडूचा भरगच्च हार चाकाच्या गळ्यात घातला, वर आपट्याची डहाळी खोचली, हळदकुंकू वाहिलं. पाटी दिसेनाशी झाली.

पूजा झाल्यावर कंपनीत मुहूर्त करायची रीत होती. सगळ्यात जुन्या माणसाने एक व्हॉल्व्ह क्षणभर उघडून बंद करायचा, टाळ्या वाजायच्या आणि मग पेढे. यंदाचा मान साहजिकच आंब्रेमामांचा. रसिका नारळाचं तबक हातात धरून सगळ्यांबरोबर शेडच्या दाराशी उभी होती. शेडच्या मागच्या टोकाला अक्षता एकटीच तिथल्या पंपाला कुंकू लावत होती. बाबा नवा सदरा घालून हसत हसत त्या भरगच्च हाराच्या सात नंबरकडे गेले. त्यांनी पाइपला पंजा टेकवला नाही, नंबर वाचला नाही, वर बघितलं नाही. रसिकाच्या हे लक्षात आलं. हाक मारायला तिने तोंड उघडलं, तेवढ्यात बाबांनी चाक फिरवलं.

आधी शीळ ऐकू आली, मग उघड्या तोंडातून हिरवट पिवळा लोट जमिनीलगत पसरला.

पुढचं रसिकाला तुकड्या तुकड्यांनी आठवतं. पोटात तोच गोळा, आणि त्याच्या पाठोपाठ टाचांना अशी ओढ की अंग आपोआप वळलं. तबक पडलं. आजूबाजूला दोनशे माणसं होती आणि सगळ्यांनी एकाच क्षणी, एकाच पायावर वळून धाव घेतली. कोणी किंचाळलं नाही. भिंतीवर मास्क टांगलेले होते, तिकडे कोणी वळलं नाही. अक्षता मागे राहिलीय हे किमान वीस जणांनी बघितलं होतं, रसिकानेही बघितलं होतं. पाय थांबले नाहीत. पाय गेटपाशी येऊन थांबले.

तिथे, धापा टाकत, तिला एकदम उमगलं की हे आपलं पळणं नाही. ज्याची भीती त्याचेच पाय, मागे कोण राहिलंय हे बघूनही न थांबणारे. टोपी घालून बसल्यावर बाबांच्या टाचा जमिनीवर आपटत असत, त्या का आपटत होत्या? बाबा त्या दिवशी शेडच्या दुसऱ्या टोकाला नव्हते. ते अनंतच्या शेजारी होते. ते त्याला टाकून पळाले होते, आणि बावीस वर्षं त्यांनी ते कोणालाही सांगितलं नव्हतं.

शेडमध्ये त्या क्षणी एकच माणूस उरला होता आणि त्याला भीती अशी वाटतच नव्हती. बाबांनी चाक उलटं फिरवून बंद केलं, लोटातून चालत मागच्या टोकाला गेले, आडव्या पडलेल्या अक्षताला खांद्यावर घेतलं आणि चालतच बाहेर आले. बघणारे सांगतात, बागेत फिरायला गेल्यासारखे आले. भीती असती तर ते धावले असते. भीती असती तर जाताना त्यांनी मास्क घेतला असता.

अक्षता वाचली, महिनाभर हॉस्पिटलात राहिली. बाबाही वाचले, पण फुप्फुसं भाजून निघाली. घरी आले ते ऑक्सिजनच्या यंत्रासकट. दहा पावलं चाललं की दम लागायचा. देवस्थळी साहेबांना कंपनीने घरी बसवलं. रसिकाने आलेखांचं आणि आपल्या सहीचं सगळं लिहून दिलं आणि चौकशी होईपर्यंत तिला कामावरून दूर केलं. टोपीला सील लागायच्या आदल्या दुपारी मात्र तिने पट्टा आणि पेटी पिशवीत घालून घरी आणली. ही चोरी होती, आणि तिला ते पक्कं माहीत होतं.

बाबा खिडकीशी बसून शेंगा सोलत होते. चेहरा तसाच निवांत. तिने पेटी समोर ठेवली आणि सगळं सांगितलं. तुमचा धसका माझ्यात आहे, बाबा, अजून ताजा आहे, तो परत तुमच्यात घालता येईल. पण झोप जाईल. रात्री दचकून उठाल. आणि हा खोकला, ही नळी, या सगळ्याची भीती वाटायला लागेल, जी आता वाटत नाही. एकदा तुमच्यातून खरवडून काढताना मी नीट विचारलं नाही, म्हणून आता विचारतेय.

बाबांनी एक शेंग सोलली, दाणे ताटलीत टाकले.

"अकरा ऑगस्टला मी मनीषावहिनींकडे गेलो नाही ना?"

"नाही."

"मला त्याचं काही वाटलं नाही. त्या अक्षताचा गॅस लागून काळा पडलेला चेहरा बघितला, त्याचंही नाही. तू इतकी रडलीस, तेव्हा मी जेवत होतो." त्यांना दम लागला, ते थांबले. "हे बरं नाही, एवढं मला कळतं गं. नुसतं कळतं. वाटत नाही. असा माणूस घरात ठेवण्यात काय अर्थ आहे? घाल परत."

रसिकाने आधी टोपी स्वतःच्या डोक्याला लावली. डोळे मिटले आणि पुन्हा त्या शेडच्या दाराशी जाऊन उभी राहिली. ती शीळ, ते तबक, ते गेट. आता त्या साच्यात बाबांचं पळणं होतं आणि तिचंही होतं, दोन्ही वेगळी काढता येण्यासारखी नव्हती. मग तिने टोपी बाबांच्या पांढऱ्या केसांवर बसवली, पट्टा बेताने आवळला आणि बटण दाबलं. अकरा मिनिटं ती घड्याळाकडे बघत बसली.

सातव्या मिनिटाला बाबांच्या टाचा हलायला लागल्या.

टोपी काढली तेव्हा त्यांचा शर्ट घामाने भिजला होता. त्यांनी खोलीकडे असं बघितलं, जणू कुणी त्यांना आत्ताच तिथे आणून बसवलंय. उजव्या पंजाची मागची बाजू त्यांनी ऑक्सिजनच्या नळीला टेकवली. स्वयंपाकघराकडे वळून विचारलं, गॅस बंद आहे का बघितलंस? तिने सांगितलं, बघितलाय. त्यांनी अक्षताचं विचारलं, तिने सांगितलं, आता घरी आहे, बरी आहे. मग त्यांनी तिच्याकडे बघितलं.

"तू कुठे होतीस तेव्हा?"

खोटं बोलायला जागा होती. चौकशीच्या कागदात कोण कुठे उभं होतं हे अजून लिहिलं जायचं होतं.

"मी पळाले, बाबा. ती मागे राहिलीय हे बघून पळाले. तुम्हीपण आत होतात."

बाबांचा चेहरा हळूहळू विस्कटत गेला. ते रडले, मोठ्याने रडले, खोकला आणि रडणं एकमेकांत अडकलं आणि तिला घाबरून त्यांची पाठ चोळत बसावं लागलं. बऱ्याच वेळाने ते सावरले. त्यांनी तिचं बोट धरलं, लहानपणी रस्ता ओलांडताना धरत तसं घट्ट.

"तू विचारल्या विचारल्या सांगितलंस," ते म्हणाले. "मला बावीस वर्षं जमलं नाही. फोन लाव मनीषावहिनींना."

"काय सांगू?"

"तू काही सांगू नकोस. मी बोलणार आहे. अनंत माझ्या हाताच्या अंतरावर होता, ते सांगायचंय."

रसिकाने नंबर लावून फोन त्यांच्या हातात दिला. पलीकडे रिंग वाजत होती. फोन कानाशी धरून ठेवायला बाबांना दम पुरेना, म्हणून तिने खालून आपला हात लावला, आणि दोघं काकींनी फोन उचलायची वाट बघत बसली.